प्रागमध्ये रस्त्यावर पैसे बदलू नका: आमचे २०० युरो कसे गेले

यांची ३४ वर्षं बँकेत गेली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. चिकटवलेली नोट, खोटी नोट यांच्या बोटांना आधी कळायची, डोळ्यांना नंतर. तरीही गेल्या सप्टेंबरात प्रागमध्ये, दिवसाढवळ्या, एका माणसाने यांच्या हातात पाच नोटा मोजून ठेवल्या, यांनी त्या पुन्हा मोजून घेतल्या आणि आमचे २०० युरो गेले. यांना विचारूनच हे लिहितेय.

लेक म्युनिकला असते. तिच्याकडून आम्ही दोघंच बसने तीन दिवसांसाठी प्रागला, म्हणजे चेक देशाच्या राजधानीला, गेलो होतो. पहिला दिवस पायीच हिंडायचं ठरवलं होतं. पावडर टॉवरच्या काळवंडलेल्या वेशीतून आत शिरलो आणि दगडी फरसबंदीच्या रस्त्याने जुन्या शहराच्या चौकात आलो. टाउन हॉलच्या भिंतीवर १४१० सालचं खगोलघड्याळ आहे. अकराच्या ठोक्याला घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा घंटा वाजवतो आणि वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे एकेक करून डोकावून जातात. सगळी गर्दी माना वर करून उभी असते, त्यामुळे तिथे पर्स पोटाशी धरूनच उभं राहायचं, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही तसंच केलं. टाउन हॉलजवळच्या फरशीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. १६२१ साली बंडाच्या २७ पुढाऱ्यांना तिथे देहदंड दिला होता. हे तिथे बराच वेळ थांबले, मलाही हलवेना.

तिथून चार्ल्स पुलाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत शिरलो. वाटेत पैसे बदलून देणारी दुकानं लागली. चेक देशात युरो नाही, कोरुना चालतात. आमच्याकडे लेकीने दिलेलं कार्ड होतं आणि प्रागमध्ये ते जवळजवळ सगळीकडे चालतं, अगदी ट्रामच्या तिकिटालाही. पण रोख खिशात असली की आमच्या पिढीला बरं वाटतं. निघताना ओळखीच्या एकांनी बजावलं होतं, "तिथल्या एक्स्चेंजवाल्यांपासून जपा, पाटीवर एक भाव असतो आणि हातात दुसराच पडतो." ते खोटं नव्हतं. म्हणून हे एका दुकानाबाहेर उभे राहून फळ्यावरचे आकडे नीट वाचत होते.

तेवढ्यात तिशीतला, नीटनेटक्या कपड्यांतला एक तरुण जवळ आला. सावकाश, आदबीने इंग्रजीत म्हणाला, "सर, इथे बदलू नका, हे लोक फसवतात. इथे साडेबावीसनेच मिळतील. मला उद्या जर्मनीला जायचंय, युरो हवेतच. मी सरळ पंचवीसने देतो." त्या दिवसांत एका युरोचा भाव साधारण तेवढाच होता, म्हणजे त्याने अवाच्या सव्वा काही सांगितलं नाही. आणि जी भीती आम्ही घरून घेऊन आलो होतो, तीच तो बोलून दाखवत होता. माझ्या मते आम्ही फसलो ते तिथेच. आम्हाला सावध करणाऱ्या माणसाबद्दल सावध राहावं, हे दोघांनाही सुचलं नाही.

हजाराच्या पाच नोटा. यांनी मोजल्या, एकेक बोटांत चोळून पाहिली. कागद खरा, मोजणी बरोबर. तो मात्र "लवकर ठेवा, इथे पाकीटमार असतात" म्हणत इकडेतिकडे बघत होता. दोन मिनिटांत गर्दीत दिसेनासा झाला.

पूल आम्ही आनंदात ओलांडला, हे आठवलं की अजून पोटात तुटतं. १३५७ साली पायाभरणी झालेला तो पूल, दोन्ही कठड्यांवर तीस पुतळे, खाली वल्तावा नदी, समोर टेकडीवर किल्ला. हे प्रत्येक पुतळ्यापाशी थांबत होते. मग नेरुदा रस्त्याचा चढ चढून आम्ही किल्ल्यावर पोचलो. सेंट व्हायटस कॅथेड्रलचं तिकीट काढायला यांनी खिडकीत एक नोट सरकवली. आतल्या बाईंनी ती पाहिली आणि हळूच परत सरकवली. म्हणाल्या, "हे हंगेरीचे पैसे आहेत."

पाच हजार फोरिंट. खरेच, पण त्यांची किंमत जेमतेम बारा-तेरा युरो.

हे बाजूच्या दगडी कट्ट्यावर बसले ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मी लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबांना दे." यांनी मानेनेच नको म्हटलं.

तिने मग जे सांगितलं ते जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चेक देशात १ एप्रिल २०१९ पासून कायदा आहे: परवानाधारक दुकानात १,००० युरोपर्यंतची रक्कम बदलली असेल, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जायचं. कारण न देता व्यवहार रद्द करता येतो, पैसे परत मिळतात. म्हणजे ज्या दुकानाच्या भीतीने आम्ही बाजूला झालो, तिथे कमी भाव पडला असता तरी परतीची वाट होती. रस्त्यावरच्या माणसाकडे कसली पावती आणि कसले तीन तास!

रोख लागलीच, तर बँकेच्या एटीएममधून काढा. मशीन 'तुमच्या चलनात हिशेब करू का' असं विचारतं, तिथे नाही म्हणून कोरुनाच निवडा, नाहीतर भाव तेच मशीन ठरवतं.

आणि नोट ओळखा. चेक हजाराची नोट जांभळट, तिच्यावर दाढीवाले इतिहासकार पालात्स्की आणि रोमन लिपीत 'कोरुन' हा शब्द. हंगेरीची हजाराची निळी, तिच्यावर लांब केसांचा राजा मात्याश आणि 'फोरिंट' हा शब्द. नोटेवर हे सगळं ठळक छापलेलं आहे. फक्त आम्ही आकडा वाचला, शब्द वाचला नाही.

संध्याकाळी आम्ही पोलिसांत जाऊन तक्रार नोंदवली. पैसे मिळणार नाहीत हे माहीत होतं. हे आधी नकोच म्हणत होते, "या वयात कुणासमोर काय सांगायचं?" पण मी हट्टाने नेलं. अधिकाऱ्यापुढे बसल्यावर मात्र त्या माणसाची उंची, जाकिटाचा रंग, त्याने वापरलेला शब्द न् शब्द यांनीच सांगितला, मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही.