लोकलमध्ये इंडी अर्बन फँटसी: काही महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या पावसाळ्यापासून मी प्रकाशकाविना, लेखकाने स्वतःच बाजारात आणलेल्या अर्बन फँटसी कादंबऱ्या वाचते आहे. डोंबिवली ते सीएसएमटी, जाता-येता, किंडलवर, मासिक सभासदत्व घेऊन. बहुतेक इंग्रजी, मराठी अगदी थोड्या. या प्रकारात शहर आजचं असतं, माणसं नोकरी करतात, भाडं भरतात आणि त्याच शहरात जादू खरी असते. माझं मत आधीच सांगते: जरूर वाचा, पण ही पुस्तकं कशी लिहिली जातात आणि त्यांचे पैसे कसे मिळतात हे समजून घेऊन वाचा. त्याने निवड सोपी होते.

किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या मासिक सभासदत्वाच्या योजनेत जुलै २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. तुम्ही चाळीस पानांवर पुस्तक सोडलंत, तर त्याला चाळीस पानांचेच. शिवाय पुस्तक या योजनेत ठेवायचं तर त्याची ई-आवृत्ती निदान ९० दिवस दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. हे कळल्यावर मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. प्रकरणं आटोपशीर का, प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी अर्धवट लटकत का ठेवलेलं असतं, एका कथेचे सात भाग का होतात. लोकलसाठी हे फार सोयीचं आहे. ठाणे ते दादरमध्ये एक प्रकरण आरामात होतं आणि गर्दीत उभं राहूनही धागा सुटत नाही. पण याच हिशेबामुळे मधला भाग फुगतो. तिसऱ्या भागात नायिका आणि तिचे मित्र आधी ठरलेल्याच गोष्टी पुन्हा बसून ठरवत असतात. अशा जागी मी आता सरळ पुस्तक सोडते. त्या लेखकाची मेहनत दिसत असते, तरीही.

संपादनाचा प्रश्न खराच आहे. दुय्यम पात्राचं आडनाव मध्येच बदलतं, मंगळवारनंतर पुन्हा मंगळवार येतो. मात्र इथे एक गोष्ट छापील पुस्तकात होत नाही अशी होते: लेखक दुरुस्त केलेली फाइल कधीही पुन्हा चढवू शकतो. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर लेखिकेचा ईमेल होता. मी तिला घोटाळा कळवला, तिने आभार मानून तो सुधारला. मला याचं अतिशय अप्रूप वाटलं.

माझ्या मनात घर करून राहिलेली कादंबरी एका बंदराच्या गावातल्या रात्रपाळीच्या नर्सची आहे. ती हात ठेवून ताप उतरवू शकते, पण दर वेळी गावातला एक रस्ता कायमचा विसरते. पुस्तकाच्या उत्तरार्धात तिला स्वतःच्या घरी जायला नकाशा लागतो, आणि घरमालक तरीही महिन्याच्या पहिल्या तारखेला दारात उभा असतो. जादूची किंमत मोजावी लागते आणि त्याच वेळी भाडंही चुकत नाही, इथेच हा प्रकार जमतो. शक्ती मिळाली की नोकरी, घर, आजारी आई सगळं विसरून जाणाऱ्या नायिका मला खोट्या वाटतात. मुंबईत डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार ज्याने सांभाळलाय, त्याला तर नक्कीच वाटतील.

निवडीबद्दल. मुखपृष्ठावर जाऊ नका, मोफत नमुना पूर्ण वाचा. मार्क लॉरेन्स या लेखकाने २०१५ मध्ये स्वयंप्रकाशित फँटसीसाठी एसपीएफबीओ (सेल्फ-पब्लिश्ड फँटसी ब्लॉग-ऑफ) ही स्पर्धा सुरू केली. तीनशे पुस्तकं दहा ब्लॉग वाचतात, प्रत्येक जण एक निवडतो. तिच्या अंतिम यादीतली पुस्तकं बहुतेक तलवारी-राज्यांची असतात, पण लेखनाचा दर्जा विश्वासाचा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: सप्टेंबर २०२३ पासून किंडलवर प्रकाशित करणाऱ्याला मजकूर एआयने तयार केला असेल तर कंपनीला सांगावं लागतं, पण ती माहिती वाचकाला दाखवली जात नाही. म्हणून आठवड्याला एक कादंबरी काढणाऱ्या नावांपासून मी लांब राहते.

मराठीबद्दल मात्र मला मनापासून तळमळ वाटते. २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तक स्वतः प्रकाशित करता येतं. आणि सामग्री तर आपल्या दाराशी आहे. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून हे शहर उभं राहिलं, मग पाण्यातल्या साती आसरा कुठे गेल्या? रस्तारुंदीत पिंपळ तोडला, त्यावरचा मुंजा आता कोणत्या टॉवरच्या पार्किंगमध्ये बसतो? गिरणगावातल्या चाळीच्या जागी इमारत आली तेव्हा तिथल्या वेताळाला पुनर्वसनात खोली मिळाली का? मी वाचलेल्या मराठी ई-कादंबऱ्यांत भुतं आहेत, पण ती अजून गावाबाहेरच्या वाड्यातच राहतात. त्यांना डोंबिवली-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये कुणी आणलेलं नाही.

सभासदत्व मी चालू ठेवते आहे. आजच्या मुंबईतली अशी मराठी कादंबरी तुमच्या वाचनात आली असेल, तर नाव कळवा. तिचा नमुना न बघता मी थेट पूर्ण पुस्तक विकत घेईन.