लायब्ररीबाहेरचं हात धुवायचं युनिट आणि फिरते संडास: दोन महिने वापरून 5 पैकी अडीच

2020 च्या 11 मार्चला कोरोनाची जागतिक साथ जाहीर झाली आणि थोड्याच दिवसांत आमच्या लायब्ररीला कुलूप लागलं. मला तेव्हा घर नव्हतं, गाठोडं घेऊन फिरायचो, त्यामुळे माझ्यासाठी लायब्ररी म्हणजे पुस्तकं नंतर, आधी संडास, नळ, मोबाईलचं चार्जिंग, फुकट वायफाय आणि दिवसभर कोणी ऊठ म्हणणार नाही अशी एक खुर्ची. बाहेरच्या बाकांवरही टेप मारली. सगळीकडे एकच बोर्ड, घरीच रहा. बरं.

पंधरा दिवसांनी गेटबाहेर दोन फिरते संडास आणि हात धुवायचं प्लास्टिकचं युनिट आणून ठेवलं, त्याचा हा रिव्ह्यू.

युनिटची आयडिया चांगली आहे, खाली दोन टाक्या, एक चांगल्या पाण्याची, एक वापरलेल्या, पायाने पंप दाबला की पाणी येतं म्हणजे नळाला हात लावायलाच नको. पण 20 सेकंद हात चोळा म्हणतात आणि एका दाबात चूळभर पाणी, त्यात पाठीवर बॅग, काखेत अंथरूण (खाली ठेवलं तर चिखलात), मग एका पायावर नाचत बसा. सकाळी टाकी भरायचे, दुपारपर्यंत खडखडाट, कारण लोक तिथेच तोंड धुणार, कपडे पिळणार, बाटल्याही भरणार. पिण्यासाठी नाही असा स्टिकर होता हो, पण प्यायच्या पाण्याचे नळही बंदच केले होते ना.

लिक्विड साबण दुसऱ्याच दिवशी गायब. चोर चोर म्हणू नका, त्यातला थोडा मीच छोट्या बाटलीत भरून नेला होता, रात्री हात कशाने धुवायचे? मग तिथल्या एका काकूंनी साबणाची वडी जुन्या मोज्यात घातली, गाठ मारली आणि युनिटच्या दांडीला लटकवली. ओला मोजा हातावर घासला की फेस येतो, वडी निसटत नाही, कोणी उचलतही नाही. अख्ख्या सेटअपमधली सगळ्यात भारी वस्तू तीच आणि ती कंपनीची नाही.

संडासांना मात्र एकच स्टार, तोही उपकार म्हणून. संध्याकाळी सहाला कुलूप! बेघर लोकांसाठी जवळचे संडास 24 तास उघडे ठेवा, आत साबण आणि कागद ठेवा असं अमेरिकेच्या सीडीसीने (रोगांची साथ रोखणारी तिथली सरकारी संस्था) तेव्हाच लिहून दिलं होतं, इथे कोणी वाचलेलं दिसलं नाही. परिणाम काय, तर बायका चारनंतर पाणीच प्यायच्या नाहीत.

चार्जिंगची सोय शून्य. निवाऱ्यात जागा आहे का ते फोनवरच विचारायचं आणि फोन डेड, आणि लागलाच तर उत्तर ठरलेलं, दोन खाटांत सहा फूट अंतर ठेवायचंय म्हणून जागा कमी झाल्यात. इंग्लंडमध्ये त्याच मार्चअखेर लोकांना रिकाम्या हॉटेलांत खोल्या दिल्या म्हणे, स्वतःचं बाथरूम, प्लग, सगळं, ते वाचलं मी भिंतीला टेकून. लायब्ररीचं वायफाय आत चालूच ठेवलेलं, भिंतीजवळ बसलं की दोन कांड्या यायच्या. वॉचमनदादा बाहेरच्या एका प्लगला अर्धा तास फोन लावू द्यायचे आणि स्वतः पाठ करून उभे रहायचे, म्हणजे पाहिलंच नाही असं. त्या अडीचमधला एक स्टार त्यांचा आहे.

लायब्ररी उघडली त्याच दिवशी युनिट आणि संडास ट्रकवर चढवून नेले. उघडली म्हणजे काय, दारातूनच पुस्तकं द्यायला सुरुवात, आतलं बाथरूम अजून बंदच. ट्रक निघायच्या आत काकूंनी पुढे होऊन मोजा तेवढा सोडवून घेतला.