बेळगावात बसून प्रॉस्पेक्ट रिसर्च शिकणं आणि ओळखी वाढवणं : बरेच महिने वापरून झाल्यावर

आधी हे काम काय ते सांगते, कारण आमच्या घरच्यांना अजून नीट कळलेलं नाही. आमची शिक्षण संस्था आहे, बेळगावात आणि खानापूर तालुक्यात शाळा आहेत. सेक्रेटरी सर कुणाकडे देणगी मागायला जायच्या आधी तो माणूस कोण, ऐपत किती, शिक्षणात त्याला रस आहे का, याआधी कुणाला काय दिलंय हे शोधून एक पानाची माहिती तयार करून द्यायची, ते माझं काम, यालाच प्रॉस्पेक्ट रिसर्च म्हणतात. बाहेरच्या देशांत याचं आख्खं करिअर होतं, आमच्याकडे म्हणजे ‘जरा गुगल करून बघ की’.

तर गेल्या पावसाळ्यापासून मी हे जरा मनावर घेऊन शिकायला लागले. थोडं ऑनलाइन, थोडं पैसे भरून, थोडं इथल्याच लोकांकडून. कुणी या कामात नवीन असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

ऑनलाइनचं आधी. या धंद्यातली मोठी संघटना म्हणजे अमेरिकेतली अप्रा, आणि ब्रिटनमध्ये चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ फंडरेझिंगचा रिसर्चर लोकांचा वेगळा गट आहे. अमेरिकेतली लाइव्ह वेबिनारं आपल्याकडे रात्री साडेनऊ-साडेदहाला पडतात, म्हणजे जेवणं, भांडी सगळं आवरून डोळे मिटत असताना, त्यामुळे रेकॉर्डिंग मिळत असेल तरच पैसे भरा. शिकवण्याची पद्धत मात्र खरंच चांगली. ऐपत वेगळी, आपल्या संस्थेशी जवळीक वेगळी आणि देण्याची सवय वेगळी, तिन्हींना वेगवेगळे मार्क द्यायचे, हे एकदा डोक्यात बसलं की ‘तो मोठा माणूस आहे, त्याच्याकडे जाऊया’ हा प्रकार आपोआप बंद होतो. मी आमच्या जुन्या पावत्यांचं रजिस्टर घेऊन बसले आणि शेवटची देणगी कधी, किती वेळा, एकूण किती असं मांडलं, तर वर आलेली नावं बघून सर पण चकित. दरवर्षी न चुकता पाच हजार देणारे एक रिटायर्ड मास्तर, त्यांच्याकडे कुणी कधी चहाला सुद्धा गेलं नव्हतं!

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे नीतीचा भाग. नियम साधा आहे, ज्याची माहिती लिहिताय तो उद्या वाचणार आहे असं समजून लिहा. हे ऐकायला सोपं वाटतं पण बेळगावसारख्या गावात फार अवघड आहे कारण इथे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं. सर एकदा एका फौंड्रीवाल्यांबद्दल सांगत होते, भावाभावांत कोर्ट चालू आहे, लिहून ठेव, उपयोगी पडेल. मी म्हटलं सर, उद्या ते ऑफिसात आले आणि माझी फाईल दाखवा म्हणाले तर दाखवाल का? गप्प बसले. शिवाय लोकांची खासगी माहिती जपण्यासाठीचा २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा आलेला आहेच, आणि देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळावी म्हणून देतो त्या पावतीसाठी घेतलेला पॅन नंबर हा फक्त देणग्यांचं विवरण इन्कम टॅक्सकडे भरायला घेतलेला असतो, त्यावरून माणसाची कुंडली काढत बसायचं नाही. हा भाग मी आमच्या क्लार्क लोकांना पण समजावला.

आता जिथे निराशा झाली ते. तिकडची सगळी उदाहरणं तिकडच्या कागदपत्रांवर चालतात. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि कुणाला किती दिले ते त्यात कुणीही वाचू शकतो. आपल्याकडे ट्रस्टचं रिटर्न असं बाहेर बघायला मिळत नाही. मग काय राहतं? लिस्टेड कंपनी असेल तर शेअर बाजाराच्या साइटवर दर तिमाहीला प्रमोटरांचे, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांचे, शेअर्स दिसतात, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर १०० रुपये भरून कागद बघता येतात, डायरेक्टरच्या डीआयएन म्हणजे ओळख नंबरवरून त्याच्या बाकीच्या कंपन्या सापडतात. आणि सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचं, राष्ट्रीय पोर्टल आहे, ते फुकट आहे आणि खरंच चांगलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५ कोटी नफा किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नेटवर्थ असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, आणि आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे. हे वाक्य अर्जात घालायला विसरू नका. फक्त असे पैसे घेण्यासाठी आपल्या संस्थेची एमसीएकडे सीएसआर-१ नोंदणी आधी करून ठेवा, १ एप्रिल २०२१ पासून ती लागतेच.

पण खरी गोष्ट अशी की उद्यमबागेतले (बेळगावची औद्योगिक वसाहत) निम्मेअधिक लोक पार्टनरशिपमध्ये नाहीतर एकट्याच्या नावावर धंदा करतात, ते एमसीएत दिसणारच नाहीत. निपाणीकडचे तंबाखूवाले व्यापारी, तेही तसेच. त्यांच्यासाठी परदेशी कोर्समध्ये काहीच नाही. इथे काय चालतं ते मला इथल्याच लोकांनी शिकवलं : शाळांच्या वर्गांवरच्या संगमरवरी पाट्या वाचा, देवळाच्या जीर्णोद्धाराचा फलक वाचा, गणेश मंडळांचे अहवाल आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिका चाळा. स्मरणिकेत तर सोनंच आहे. पानभर जाहिरात कुणाची, पाव पान कुणाचं, आणि ‘एक हितचिंतक’ म्हणून नाव न घालणारा कोण हे छापणाऱ्याला विचारलं तर तो हसतो फक्त, सांगत नाही, आणि खरं तर ते विचारायलाही नको. पेपरातल्या श्रद्धांजलीच्या जाहिराती पण बघते मी, घराण्याचे सगळे धंदे खाली ओळीने छापलेले असतात, पण त्या महिन्यात तिकडे फिरकायचं नाही हा माझा नियम.

नेटवर्किंगवर माझं मत जरा कडू आहे. एका मोठ्या शहरातल्या कार्यक्रमाला पैसे भरून गेले, नाव घेत नाही, दिवसभर कार्डं वाटली, सगळे फंडरेझर, रिसर्च करणारं कुणीच नाही, आणि बेळगाव म्हटल्यावर पहिला प्रश्न सीमाप्रश्नाचा. परतीच्या बसचं भाडं धरून जे गेलं त्यात आमच्या शाळेत एक कपाट आलं असतं. त्याच्या उलट इथला ग्रुप, म्हणजे दोन-तीन संस्थांच्या ऑफिसातली माणसं, एका ऑडिटरकडचे अण्णा, हुबळीच्या एका एनजीओतली मुलगी आणि कोल्हापूरचा एक जण, महिन्यातून एकदा भेटतो. देणगीदारांची नावं एकमेकांना द्यायची नाहीत असं पहिल्याच दिवशी ठरवलं, कारण नाहीतर एकाच माणसाच्या दारात चौघं उभे राहणार आणि भरवसा जाणार तो वेगळाच. बोलायचं ते पद्धतीवर : कुठला कागद कुठे मिळतो, मार्क कसे देता, सरांना प्रोफाइल वाचायला कसं लावता. अण्णांनी कन्नडमधल्या सहकारी संघांच्या अहवालांतलं ताळेबंद कसं वाचायचं ते शिकवलं, हे मला जगातल्या कुठल्याच कोर्समध्ये मिळालं नसतं.

पैशाचं विचाराल तर परदेशी संघटनेची वर्षाची फी आमच्यासारख्या संस्थेला जड जाते, म्हणून एकाच्या नावावर घेऊन बाकीच्यांना लॉगिन देण्याचा विचार कुणी करत असेल तर नियम वाचून घ्या. कँडिड (देणग्या-फाउंडेशनांची माहिती देणारी अमेरिकेतली संस्था) वगैरेंची फुकटची ट्रेनिंगं आधी संपवा. माणसाची ऐपत शोधून देणारी महागडी वेल्थ स्क्रीनिंग सॉफ्टवेअरं इथे नकोतच, त्यांच्यात आपला माणूस नसतो. मी पुढच्या वर्षी मेंबरशिप घेणार आहे, पण सर अर्धी फी संस्थेतून देतो म्हणालेत म्हणून, नाहीतर तेच पैसे घालून ग्रुपमधल्या सगळ्यांना कोल्हापूरला घेऊन गेले असते.