एकाच चिटाची खोळ आणि झगा: आठ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात आरामखुर्चीच्या बैठकीची बदली खोळही विक्रेत्याकडून पहिल्यासारखीच, म्हणजे ऐन मध्यभागी अर्धे फूल घेऊन आली, तेव्हा हा अनुभव लिहून टाकायचे ठरवले. जुन्या वळणाचे, मोठ्या गुलाबांचे, तकाकीदार चीट, म्हणजे छापील सुती कापड, बहुतेकांनी पाहिलेले असते, त्यामुळे त्याचे वर्णन करीत बसत नाही. खुर्चीच्या तयार खोळी आणि त्याच नक्षीचे सुटे कापड मी एकदमच मागवले होते. सुट्या कापडाचा १९४७ नंतर रूढ झालेल्या, कंबरेत घट्ट आणि खाली घेरदार धाटणीचा झगा शिवून घेतला.

अंगावर आणि घरात एकच कापड मिरवण्याची हौस जुनीच आहे. भारतातून गेलेल्या चिटाचे युरोपात झगेही होत आणि पलंगाचे पडदेही. इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरावर बंदी घातली, तीही पोशाख आणि घरसामान या दोहोंवर एकत्रच.

आता ते फूल. या चिटावरची नक्षी सुमारे ६४ सेंटीमीटरनंतर पुन्हा सुरू होते, त्यामुळे गुलाब मधोमध आणायचा तर कापड वाया जाते, आणि विक्रेत्याने नेमके तेच वाचवले आहे. तक्रार केल्यावर ‘थोडाफार फरक राहणारच’ असे उत्तर आले. अर्ध्या पाकळ्या शिवणीत गडप होऊन देठ तेवढा बैठकीवर उरतो, याला थोडाफार म्हणत असतील तर प्रश्नच मिटला. गादी उलटी फिरवून पाहिली, तर फूल मागे जाते आणि चेन पुढे येते.

पहिले दोन महिने मी खुर्चीची स्तुती आणि झग्याची निंदा केली असती, कारण झगा पुठ्ठ्यासारखा ताठ होता आणि बसताना करकरत असे. पुढे ‘फक्त ड्रायक्लीन’ ही सूचना न वाचता तो पाण्यात धुतला गेला. तकाकी गेली ती गेलीच, पण कापड मऊ पडून घेर असा सुरेख झुलू लागला, की त्या चुकीबद्दल आता खंत वाटत नाही. खुर्चीची तकाकी मात्र जिथे हात टेकतात तिथेच घासून गेली आणि दोन्ही बाजूंना तळहाताएवढे निस्तेज डाग उरले. आधी ज्या झळाळीवर भाळून खरेदी केली, तिचाच आता वैताग आहे.

शिंप्याने मात्र न सांगता झग्याच्या पाठीवर एक अख्खा गुलाब बसवला होता. उरलेल्या तुकड्यातही एक पूर्ण गुलाब आहे. बैठकीसाठी तो चार बोटे कमी पडतो. झग्याची खालची दुमड उसवली तर तेवढी पट्टी निघेल, असे शिंपी म्हणतो. मी अजून होकार दिलेला नाही.