कोकणात घर-जागा घेताना सरकारी ऑनलाइन सेवा कितपत पुरतात?

दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याकडे जुनं घर किंवा घरासाठी जागा घेणाऱ्याला आता बरीच कागदपत्रं घरबसल्या मिळतात. महाभूमीचा डिजिटल सातबारा, जुने नोंदलेले दस्त शोधायला नोंदणी विभागाचं ई-सर्च, मुद्रांकाचे पैसे भरायला ग्रास हे सरकारी पोर्टल, दस्ताची माहिती भरायला पब्लिक डेटा एंट्री आणि वेळ ठरवायला ई-स्टेप-इन, अशी ही साखळी आहे. दस्त नोंदवण्यापुरती ती चोख चालते. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे का, या प्रश्नावर मात्र ती फार मदत करत नाही. कोकणात जे व्यवहार फसतात, ते बहुतेक याच प्रश्नावर.

सर्वांत उपयोगी सेवा म्हणजे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. १५ रुपयांत मिळतो आणि सरकारी कामाला चालतो. फुकटात दिसणारा विनास्वाक्षरीचा उतारा फक्त पाहण्यापुरता, बँक तो घेणार नाही. सातबारा हातात आला की लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि घडी करून ठेवतात. खरं तर आधी तळाशी बघावं. तिथे ‘प्रलंबित फेरफार’, म्हणजे हक्कबदलाची अजून मंजूर न झालेली नोंद, असा रकाना असतो. त्यात क्रमांक दिसला तर त्या जमिनीवर काहीतरी चालू आहे, इसार देऊ नका. त्याच्या आसपास जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. ते उतरवून घ्या आणि प्रत्येकाची नक्कल काढा. ऑनलाइन नाही मिळाली तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. यात वेळ जातो, पण मालकीचा इतिहास त्यातच असतो.

नावांच्या रकान्यात ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून कुणा एकाचं नाव लागलेलं असतं, बाकीचे भाऊ, त्यांची मुलं-मुली कागदावर कुठेच नसतात. हक्क मात्र सगळ्यांचा असतो. ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) वारसाचा पालनकर्ता, असेल तर तेव्हाचा अज्ञान वारस आज साठीचा असू शकतो, त्याची सही लागणारच. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच, त्यामुळे ‘आत्यांनी सोडून दिलंय’ हे तोंडी उत्तर चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. सध्याच्या वारसांत कुणी अज्ञान असेल तर त्याचा स्वतंत्र हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. जिवंत सातबारा मोहिमेत २०२५ मध्ये मयतांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम राज्यभर झालं, तरी वारसनोंद म्हणजे वाटणी नव्हे. सामाईक सातबाऱ्यावरचा एकजण फार तर आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. ‘समुद्राकडची ही दहा गुंठे’ असं बोट दाखवून नाही.

सह्यांचा व्यावहारिक भाग असा: चाकरमानी सगळे एकत्र सापडतात ते गणपतीत किंवा शिमग्याला. मसुदा, मोजणी, शोध हे सगळं त्याआधी उरकून दस्ताची वेळ त्या आठवड्यातल्या कार्यालयीन दिवसाची घ्या. परदेशातल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर ‘विक्री’ करून ताबा देणारे अजून भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय की त्याने मालकी जात नाही.

सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना कोकणात मुख्य रकान्याइतकाच महत्त्वाचा. कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, दुसऱ्याच्या झाडांचा हक्क, वहिवाटीची वाट, खाजगी वनाचा शेरा, सगळं तिथे असू शकतं. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीला कलम ४३ ची अट असते. २०१४ च्या दुरुस्तीनुसार, कुळाच्या खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून ती विकता येते, पण भरल्याची पावती आणि फेरफार दोन्ही बघा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन) दिसला की कोणत्या अटीमुळे, हे आदेश वाचून ठरवा. सिंधुदुर्गात आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या) आणि आंबोली-चौकुळ-गेळ्याकडे कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीच्या) जमिनींचा गुंता वेगळा, तिथे स्थानिक वकिलाशिवाय पाऊल टाकू नये. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी हवा, नाहीतर कुळकायद्याच्याच कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. ‘फार्म प्लॉट’ या गोंडस नावाने हा नियम बदलत नाही.

आता घराचं. वाडीतलं घर बहुतेक वेळा सातबाऱ्याच्या जमिनीवर उभं असतं, गावठाणात नाही. घरपट्टी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर एका भावाच्या नावे आणि खालची जमीन चौदा जणांची सामाईक, हे चित्र सर्रास दिसतं. नमुना ८ कर वसुलीसाठी असतो, मालकीचा पुरावा नव्हे. खरेदीखतात घर क्रमांक आणि जमिनीचा हिस्सा दोन्ही लिहा, नाहीतर पुढे छप्पर तुमचं आणि चौथरा दुसऱ्याचा.

ई-सर्चला आम्ही पाचपैकी तीनच गुण देऊ. सेवा मोफत आहे, पण मुंबईबाहेरच्या दस्तांसाठी साधारण २००२ नंतरचीच माहिती मिळते आणि वर्षागणिक वेगळा शोध घ्यावा लागतो. शिवाय दस्तात जमिनीचा क्रमांक जसा टंकला असेल तसाच शोधावा लागतो. १२/१/अ, १२/१अ, मराठी आकडे, इंग्रजी आकडे, सगळे प्रकार करून बघा. ‘माहिती आढळली नाही’ म्हणजे बोजा नाही असं नव्हे. ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडूनच घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयातली जुनी पुस्तकं चाळणं हे त्यांचंच काम. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतीसाठी किमान १४ दिवस ठेवायची पद्धत आहे, ती मोडू नका.

किनाऱ्याचा एक मुद्दा कुठल्याच उताऱ्यावर उमटत नाही: सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा त्यात येतो. २०१९ च्या अधिसूचनेत कमी लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. खाडीकाठालाही मर्यादा लागू होते, ती विसरली जाते. सातबारा स्वच्छ, बिनशेती आदेश हातात आणि तरी बांधकाम परवानगी नाही, असं त्यामुळे होतं. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर गट क्रमांक बसवून घ्या.

सरकारी मोजणी ‘हद्द कायम’ प्रकारची, म्हणजे जागेवर हद्दी दाखवून देणारी, करून घ्या. गडगा (दगडी कुंपण) जुना आहे म्हणून हद्द तिथेच असते असं नाही. गाडी जाणारा रस्ता आहे की फक्त पाखाडी (पायवाट), आणि तो रस्ता कुणाच्या जमिनीतून जातो, हे मोजणीच्या दिवशीच लगतदारांसमोर विचारा.

पैशांचा भाग सोपा. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि शासनाचं बाजारमूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर. ग्रामपंचायत हद्दीत दर नगरपरिषदेपेक्षा कमी. महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. ग्रासवर चलन भरताना नाव, पॅन आणि कार्यालय नीट निवडा. परतावा मिळतो, पण चपला झिजतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कर कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर ५० लाखांची मर्यादाच नाही आणि कपातही जास्त.

पब्लिक डेटा एंट्री मात्र घाईत भरू नये. सूची क्र. २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, तिथूनच तयार होते. गट क्रमांक किंवा क्षेत्र चुकलं की चूक दुरुस्ती दस्त आणि त्यासाठी सगळे लिहून देणारे पुन्हा हजर. दस्त सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदवावा लागतो. त्यापुढच्या ४ महिन्यांत फीच्या दहापटीपर्यंत दंड.

नोंदणीनंतर सातबाऱ्याचा फेरफार ऑनलाइन सुरू होतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. हे ‘आपली चावडी’ या सरकारी ऑनलाइन फलकावर बघता येतं, आणि बघावंच, कारण हरकत आली तर प्रकरण सुनावणीला जातं. ग्रामपंचायतीची घरपट्टी आपोआप बदलत नाही. सूची क्र. २ जोडून वेगळा अर्ज द्या, आणि महावितरणच्या मीटरचाही त्याच फेरीत.