स्टार्टर दुरुस्त करावा की नवा बसवावा?

खानदेशातल्या वैशाखाच्या उन्हात बॅटऱ्या लवकर थकतात, त्यामुळे किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक्’ वाजली म्हणून दोष लगेच स्टार्टरवर, म्हणजे गाडीचे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवर, ढकलू नये. बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असून किल्ली फिरवतानाही ते १० च्या वर टिकत असेल, टर्मिनलवर पांढरट क्षार नसेल आणि तरीही इंजिन फिरत नसेल, तरच स्टार्टर उतरवावा, तोही बॅटरीची मायनस वायर आधी काढूनच. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजले असतील किंवा सोलेनॉइडमधले (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचमधले) तांब्याचे संपर्क जळाले असतील, तर तेवढेच भाग बदलणे स्वस्त पडते. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, जळाले असल्यास मात्र नवा स्टार्टर घ्यावा. रिवाइंडिंगवर, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळण्यावर, माझा फारसा भरवसा नाही. नव्याला वॉरंटी मिळते, पण स्वस्त नकलेपेक्षा दुरुस्त केलेला मूळ स्टार्टर केव्हाही बरा.