जुन्या कंबरदुखीसाठी 'पलूस माइंडफुलनेस': फुकट आणि कसदार, पण क्रम बदलून करा

नाव वाचून सांगली जिल्ह्यातलं पलूस आठवेल. हे पलूस अमेरिकेच्या वायव्येकडचं. तिथल्या डेव्ह पॉटर यांनी तयार केलेला हा आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण फुकट आहे. साचा जॉन कबात-झिन यांच्या एमबीएसआरचा, म्हणजे माइंडफुलनेसच्या (सजगतेच्या) सरावाने ताण हलका करण्याच्या कार्यक्रमाचा. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात १९७९ साली त्यांनी तो सुरू केला, तेव्हा औषधांनी पुरता उतार न पडलेले जुन्या दुखण्याचे रुग्ण त्यात बरेच होते.

उपयोग होतो का? २०१६ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत जुनी कंबरदुखी असलेले ३४२ जण होते. २६ आठवड्यांनी रोजच्या हालचालींत ठळक सुधारणा एमबीएसआर गटातल्या ६०.५ टक्के, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत) गटातल्या ५७.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांवरच्या ४४.१ टक्के लोकांत दिसली. म्हणजे फरक आहे, चमत्कार नाही. शिवाय ते वर्ग शिक्षकासमोर झाले होते. इथे तुम्ही आणि पडदा. चुकलं तर सांगणारं कुणी नाही, आणि या अभ्यासक्रमाची खरी उणीव तीच.

पहिल्याच आठवड्यात बॉडी स्कॅन येतो: सुमारे अर्धा तास पडून पायाच्या बोटांपासून वर एकेका भागाकडे लक्ष नेणं. इगतपुरीला विपश्यना केलेल्यांना ओळखीचं वाटेल, कारण त्याचं मूळ म्यानमारचे विपश्यना-शिक्षक सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेतच आहे. धडधाकट माणसाला यात झोप येते. दुखणाऱ्याला मात्र लक्ष कंबरेशी पोचताच ठणका वाढल्यासारखा वाटतो, आणि बरेच जण तिथेच सोडतात. त्यामुळे पहिले पाच-सहा दिवस दहाच मिनिटं करा, तळहात आणि पावलं एवढंच. दुखरा भाग शेवटी घ्या: दोन-तीन श्वास तिथे, मग परत तळहातांवर. गुडघ्यांखाली जाड उशी, किंवा पोटऱ्या खुर्चीवर. झोप लागत असेल तर डोळे उघडे ठेवा. मनावरचा जुना आघात उसळून आला, छाती भरून आली, तर थांबा, उठून बसा आणि पाय जमिनीला टेकवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर पाच मिनिटांनी 'गेलं का दुखणं?' म्हणून तपासणं. तपासणी हीच मेंदूला धोक्याची सूचना ठरते. रोजच्या नोंदीत त्याऐवजी ० ते १० चे दोन आकडे लिहा: दुखणं किती, आणि त्याचा जाच किती. बहुतेकदा आधी दुसरा आकडा उतरतो. पहिला जागचा हलला नाही म्हणून अभ्यास फसला असं नव्हे.

तिसऱ्या आठवड्यातला योग व्हिडिओबरहुकूम करू नका. निम्म्या ताणावर थांबा. पाचवा आठवडा, नकोशा भावना आणि संवेदनांकडे वळून बघण्याचा, आमच्या मते सगळ्यात कसदार. तो घाईने उरकू नये. हवं तर दोन आठवडे द्या.

एक गोष्ट यात जवळपास नाहीच: कामाचं माप. ती स्वतः जोडा. तीन दिवस बघा, दुखणं चढायच्या आत किती मिनिटं चालता येतं. सरासरी १० असेल तर ८ पासून सुरुवात, बरं वाटलं तरी ८, नको वाटलं तरी ८. मग दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा. बऱ्या दिवशी घर धुऊन काढायचं आणि पुढचे दोन दिवस आडवं पडायचं, हा फेरा कुठल्याच ध्यानाने सुटत नाही.

'म्हणजे दुखणं मनाचं?' नाही. तीन महिन्यांपुढच्या दुखण्यात मज्जासंस्था स्वतःच हळवी झालेली असू शकते. ठणका खराच असतो, पण त्याचा आवाज वाढवणारं बटण काही अंशी भीती, अपुरी झोप आणि ताण यांच्या हाती असतं.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप, विनाकारण वजन घटणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. चालू गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नयेत.

साहित्य मूळ इंग्रजीत आहे. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कुणाला तरी सूचना मराठीत, सावकाश वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करायला सांगा. दोन भागांमध्ये चार श्वासांची जागा सोडायला विसरू नये. बहुतेक जण घाईने वाचतात आणि मग गुडघ्यावर लक्ष पोचायच्या आत मांडी येते.